उपकंपनीत जावं की मूळ कंपनीतच राहावं?

मोजपट्टी
नमस्कार मंडळी. मी गेली आठ वर्षं पंप बनवणाऱ्या एका कंपनीत, गुणवत्ता विभागात आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने सेन्सर बनवणारी एक छोटी कंपनी विकत घेतली. ती अजून स्वतःच्याच नावाने चालते. माणसं साधारण १४०, समभाग सगळेच्या सगळे आमच्या कंपनीकडे. तिथे गुणवत्ता विभागाची प्रमुख म्हणून येशील का, असं मला विचारलंय.

इथे माझ्या वर चार पायऱ्या आहेत. तिथे थेट कारखानाप्रमुखांच्या हाताखाली काम. पगार थोडा वाढेल. एचआरचं म्हणणं, "ग्रुप एकच आहे, काही फरक पडत नाही." पण जेवणाच्या सुट्टीत ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं मोठ्या कंपनीचं नाव सोडू नकोस, कोणी म्हणतं अशी संधी परत येत नाही.

मला स्वतःला जावंसं वाटतंय. मूळ कंपनी आणि उपकंपनी अशा दोन्हीकडे काम केलेल्यांनी कृपया लिहा. नक्की काय बदलतं? पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय.

वाटसरू_७
जा की! प्रमुखपद मिळतंय, विचार कसला करताय?

जुनी_पायरी
"काही फरक पडत नाही" हे वाक्य मीही ऐकलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ कंपनीत माझी ११ वर्षं झाली होती. उपकंपनीत नवीन विभाग उभा करायचा होता, मला विचारलं, मी आनंदाने हो म्हटलं. एचआरने दोन कागद पाठवले. एक इकडचा राजीनामा, दुसरं तिकडचं नेमणूकपत्र. दोन्हींवर एकच तारीख. मी मीटिंगला निघालो होतो, टेबलाशी उभ्या उभ्या सह्या केल्या. नेमणूकपत्रात रुजू दिनांक त्याच दिवसाचा होता आणि सहा महिन्यांचा परिविक्षा काळ, म्हणजे प्रोबेशन, होता. अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला परिविक्षा काळ! तेव्हा वाटलं, छापील नमुना असेल, राहून गेलं असेल.

चार वर्षांनी ऑर्डरी आटल्या. कोणाला कमी करायचं याची यादी निघाली ती रुजू दिनांकावरून. शेवटी आलेला आधी जाणार. विभागात आम्ही २३ जण होतो आणि माझं नाव खालून दुसरं. माझ्या आधी वर्षभर शिकाऊ म्हणून लागलेला मुलगा माझ्या बराच वर होता. भरपाई निघाली ती चार वर्षांची. आधीच्या अकरा वर्षांचं काय, असं विचारलं तर मूळ कंपनी म्हणाली, तुम्ही राजीनामा दिलात, तुमचा हिशेब पूर्ण झाला. उपकंपनी म्हणाली, ती वेगळी कंपनी, तिथल्या सेवेशी आमचा संबंध नाही. कागद बघितला तर दोघांचंही बरोबर होतं.

ताई, जायचं तर जरूर जा. पण रुजू दिनांकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय सही करू नका.

दीपमाळ
@जुनी_पायरी, वाचून फार वाईट वाटलं. पण मला दुसरी बाजू सांगायची आहे, कारण माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं उपकंपनीतच गेली.

आमचं क्षेत्र रक्त तपासणाऱ्या यंत्रांचं. मूळ कंपनीत तीन वर्षं मी यंत्राच्या झाकणाच्या बिजागरीवर काम करत होते. बिजागरी महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही, पण तीन वर्षं बिजागरीच. मग ६० माणसांच्या उपकंपनीत गेले आणि पहिल्याच आठवड्यात नमुना उचलण्याचा सबंध भाग माझ्याकडे आला: सुई, ती वरखाली करणारी मोटर, धुण्याचा पंप, सगळं.

एकदा तक्रार आली की लागोपाठच्या दोन नमुन्यांचे निकाल एकमेकांत मिसळतात. मी रात्रपाळीला एका प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. तिथली तंत्रज्ञ दर काही नळ्यांनंतर यंत्र थांबवून सुईचं टोक टिश्यूने पुसत होती. टोकाला एक थेंब लोंबत राहायचा आणि तो पुढच्या नळीत जायचा. आम्हाला ते कोणी कळवलंच नव्हतं, कारण तिला तो तिच्या कामाचाच भाग वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा माझ्या समोरच्याच टेबलावर होता. सुई नळीतून बाहेर येण्याचा वेग कमी केला, धुण्याचा वेळ वाढवला, आठवडाभर चाचण्या घेतल्या आणि बदल गेला. मूळ कंपनीत हाच बदल अर्ज, तीन विभाग आणि समितीची तारीख यांतून गेला असता. माझी बिजागरी तशीच जायची, म्हणून ठाऊक आहे.

छोट्या जागी आपण केलेल्या कामाचं काय होतं ते डोळ्यांना दिसतं. हे पगाराच्या चिठ्ठीवर येत नाही, पण माझ्या लेखी त्याचं मोल मोठं आहे.

करारपत्र
माझं काम नोकरीच्या करारांचं आहे, म्हणून थोडं त्याबद्दल.

कायद्याच्या नजरेत "ग्रुप" नावाचा मालक नसतो. ज्या कंपनीचं नाव तुमच्या नेमणूकपत्रावर, ती तुमची मालक. हे तत्त्व जुनं आहे. १८९६ साली सॉलोमन विरुद्ध सॉलोमन या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की कंपनी आणि तिचा मालक या दोन वेगळ्या कायदेशीर व्यक्ती आहेत. खटला बूट बनवणाऱ्या एका माणसाचा होता. जवळजवळ सगळे समभाग त्याचे एकट्याचेच होते, तरीही कंपनीची देणी ही त्याची देणी नव्हेत, असं ठरलं. उपकंपनी आणि मूळ कंपनी यांचं नातं तेच. १०० टक्के समभाग असले तरी घरं दोन.

आता माणूस इकडून तिकडे जाण्याच्या पद्धती. नाव मूळ कंपनीच्याच पटावर ठेवून ठरावीक काळासाठी पाठवतात, म्हणजे डेप्युटेशन. किंवा पट बदलतो, पण आधीची सेवा सलग धरली जाईल असं लिहून देतात. किंवा मग राजीनामा देऊन नव्याने रुजू व्हायचं, म्हणजे जुनी_पायरी यांच्या वाट्याला आलं ते. जपानमध्ये मोठ्या कंपन्या उपकंपन्यांत सर्रास माणसं पाठवतात, त्यामुळे त्यांच्याकडे याला वेगवेगळे शब्दच आहेत. मूळ पटावर नाव ठेवून पाठवलं तर "शुक्को", पटावरून काढून कायमचं तिकडे घातलं तर "तेन्सेकी". आपल्याकडे सगळ्यालाच "ट्रान्सफर" म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. कंपनीचे समभाग विकले गेले तर मालकी बदलते, पण तुमचा करार ज्या कंपनीशी आहे ती कंपनी तीच राहते, करार चालूच राहतो. कंपनीने एखादा कारखाना किंवा विभाग उचलून दुसऱ्या कंपनीला विकला, तर मात्र माणसांचा मालकच बदलतो. युरोपात यासाठी १९७७ पासून निर्देश आहे, सध्याचा २००१ चा. व्यवसाय हस्तांतरित झाला की नोकरीचे करार त्यातल्या हक्कांसकट नव्या मालकाकडे जातात. पण एकटा माणूस आपल्या राजीखुशीने बदली घेतो तेव्हा असलं कवच गृहीत धरू नये. त्याला जे मिळतं ते पत्रात लिहिलेलं असतं तेवढंच.

सुरवंट
@दीपमाळ, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो किती वर्षं टिकला हेही लिहा. विकत घेतलेल्या कंपनीत पहिली दोनतीन वर्षं सुखाची असतात. "तुम्ही जसे आहात तसेच राहा" असं सांगतात आणि तेव्हा त्यांना ते मनापासून वाटतही असतं.

मी विकत घेतल्या गेलेल्या कंपनीतला. एका सोमवारी ईमेलचा पत्ता बदलला, पुढच्या वर्षी हिशेबाची प्रणाली, मग खरेदी. खरेदी गेली आणि कंपनीचा जीवच गेला. आधी बेअरिंग तुटलं की स्टोअरचा माणूस फोन करायचा आणि संध्याकाळपर्यंत बेअरिंग हजर. नंतर तोच पुरवठादार मान्यताप्राप्त यादीत नव्हता. एका बेअरिंगसाठी नऊ मंजुऱ्या, त्यातल्या दोन अशा माणसांच्या, ज्यांनी आमचं यंत्र कधी पाहिलेलंच नाही. यंत्र १९ दिवस बंद होतं. ऑपरेटर रोज सकाळी येऊन ते पुसून ठेवायचा.

मोजपट्टी, तुमच्या उपकंपनीला तीन वर्षं झाली म्हणताय. म्हणजे वेळ जवळ आली. तिची खरेदी आणि हिशेब अजून तिचेच आहेत का, एवढं विचारून बघा.

दीपमाळ
@सुरवंट, पाच वर्षं टिकला. मग आम्हाला मूळ कंपनीत विलीन केलं आणि मी नोकरी सोडली. तरी त्या पाच वर्षांबद्दल मला कधी हळहळ वाटली नाही. पुढची नोकरी त्यांच्याच जोरावर मिळाली.

आकडेमोड
मी हिशेबाच्या बाजूने सांगतो. इथे सगळे उपकंपनी म्हणजे एकच प्रकार धरून बोलताहेत, पण दोन अगदी वेगळे प्रकार असतात.

पहिला प्रकार, जिचं गिऱ्हाईक बाहेरचं आहे. ती आपला माल बाजारात विकते, तिचा नफातोटा तिचा. तिथल्या प्रमुखाच्या शब्दाला वजन असतं, कारण पैसा तो आणतो. दुसरा प्रकार, जिचं एकमेव गिऱ्हाईक मूळ कंपनी आहे. तिथे झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के, असं बिल मूळ कंपनीच्या नावे फाडतात. हे टक्के हवेतून येत नाहीत. एकाच घरातल्या दोन कंपन्यांनीही परक्यांसारखा भाव लावावा असा करांचा नियम असतो, आणि ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्यासुध्या सहाय्यक सेवांसाठी खर्चावर ५ टक्के अशी सोपी वाट दिली आहे. आता याचा नोकरदाराशी संबंध काय? अशा कंपनीत तुम्ही जिवापाड काम केलंत तरी तिचा नफा फारसा वाढत नाही, कारण तो खर्चावर बांधलेला असतो. वर बसलेल्यांना तुमचा विभाग दिसतो तो खर्च म्हणून. पगारवाढीच्या वेळी "यंदा बजेट एवढंच आलंय" हे वाक्य तिथे जास्त ऐकू येतं आणि ते खरंही असतं, बजेट येतंच वरून.

पहिल्या प्रकारातही एक मेख आहे. मूळ कंपनी व्यवस्थापन शुल्क म्हणून उपकंपनीकडून दरवर्षी रक्कम घेते. नाव वापरलं, संगणक वापरले, वरच्या साहेबांचा वेळ घेतला, त्याचे पैसे. चांगला नफा कमावणारी कंपनी या शुल्कानंतर कागदावर जेमतेम दिसू शकते, आणि बोनस त्या कागदावरून ठरतो.

म्हणून उपकंपनी आहे की मूळ कंपनी यापेक्षा ती माल कोणाला विकते हे मी आधी विचारेन.

वाटसरू_७
माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, हे कबूल करतो. आकडेमोड आणि करारपत्र, दोन्ही प्रतिसाद साठवून ठेवले आहेत.

घडीव
उपकंपनी म्हणजे धाकटी, दुय्यम, हे मात्र डोक्यातून काढा. २०१५ साली गूगल ही आल्फाबेटची उपकंपनी झाली. सगळा मोठा धंदा उपकंपनीत आणि वरची कंपनी समभाग धरून बसलेली. त्याच वर्षी ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणारी पेपाल, ईबे या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीपासून वेगळी झाली. २००२ मध्ये ईबेने घेतलेली ही उपकंपनी वेगळी होताना बाजारमूल्यात ईबेपेक्षा मोठी होती.

समभाग मिळणार असतील तर ते कोणाचे, हेही बघा. सहसा मूळ कंपनीचे मिळतात. मग तुमच्या उपकंपनीने कितीही चमक दाखवली तरी भाव ठरतो तो सगळ्या ग्रुपवर. काही उपकंपन्या स्वतः बाजारात नोंदलेल्या असतात. व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी २००४ पासून ईएमसी या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे होती, २००७ मध्ये तिचे थोडे समभाग बाजारात आणले, तेव्हा तिथल्या लोकांना आपल्याच कंपनीचा समभाग मिळायला लागला. मन लावून काम करणाऱ्याला हा फरक जाणवतोच.

कोरा_कागद
पैसा आणि कागद यांवर भरपूर झालं, मी माणसांबद्दल लिहिते.

आमच्या आवारात मूळ कंपनी आणि उपकंपनी एकाच इमारतीत. ओळखपत्राची दोरी त्यांची निळी, आमची राखाडी. लिफ्टमध्ये लोक आधी दोरी बघायचे आणि मग किती बोलायचं ते ठरवायचे. सहा वर्षं राखाडी दोरी गळ्यात घालून मी हे रोज पाहिलंय, त्यामुळे "ग्रुप एकच आहे" हे मला पटत नाही.

मोजपट्टी, तुमचं उलटं होईल. तुम्ही निळ्या दोरीच्या जगातून तिकडे जाणार. तिथली १४० माणसं तुमच्याकडे "वरून पाठवलेली" म्हणूनच बघतील. आमच्याकडे असा एक प्रमुख आला होता. पहिल्याच बैठकीत त्याने मूळ कंपनीचे फॉर्म वाटले. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसापासून त्याच्यासमोर कोणी खरं बोलेना. चुका झाकल्या जायला लागल्या. गुणवत्तेच्या प्रमुखापासून चुका लपायला लागल्या तर मग उरलं काय? आधी दोन महिने लाइनवर उभ्या राहा, त्यांचे फॉर्म त्यांच्याकडून समजून घ्या. त्यांतले काही तुमच्यापेक्षा चांगले निघतील.

घडीव
दोरीचं अगदी खरं. आमच्याकडे रंग एकच होता, पण त्यांच्या ओळखपत्राने सगळी दारं उघडायची, आमच्या ओळखपत्राने फक्त आमचा मजला.

सुरवंट
कोरा_कागद यांच्या मुद्द्याला जोडून विचारतो. मोजपट्टी, ते सेन्सर तुमच्याच पंपांत बसतात ना? म्हणजे उद्या एखादा लॉट नापास करायची वेळ आली तर पलीकडे तुमचेच जुने साहेब असणार आणि त्यांची लाइन त्या सेन्सरसाठी खोळंबलेली असणार. "अगं, आपल्याच घरातला माल आहे, सोड या वेळी" असा फोन येणार. माल अडवायचा अंतिम अधिकार तुमचा की मूळ कंपनीच्या गुणवत्ताप्रमुखांचा? माझ्या मते तुमच्या पदाचा सगळा अर्थ याच प्रश्नात आहे.

करारपत्र
अवांतर आहे, पण घरं दोन म्हटलं म्हणजे मूळ कंपनी नेहमीच हात झटकू शकते असा समज होऊ नये. २०१२ चा चँडलर विरुद्ध केप हा इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा निकाल आहे. एक कामगार १९५९ ते १९६२ या काळात केप या कंपनीच्या उपकंपनीत होता. तिथे अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना होता आणि धूळ उडायची. २००७ मध्ये त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, असल्याचं कळलं. तोवर उपकंपनी अस्तित्वातच उरली नव्हती. न्यायालयाने मूळ कंपनीला जबाबदार धरलं, कारण त्या धुळीच्या धोक्याचं ज्ञान तिच्याकडे जास्त होतं, उपकंपनीतली कामाची पद्धत असुरक्षित आहे हे तिला ठाऊक होतं, आणि सुरक्षेच्या बाबतीत उपकंपनी तिच्यावर विसंबून राहणार हेही तिला कळायला हवं होतं.

नुसती मालकी असल्याने ही जबाबदारी आली नाही, कारभारात हात होता म्हणून आली. कामाला लागल्यापासून निकालापर्यंत अर्धं शतक गेलं, हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

मोजपट्टी
सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही विचारलेले प्रश्न मी वहीत उतरवले आणि गेला आठवडाभर एकेक करून विचारत गेले.

@आकडेमोड, दहातले सहा सेन्सर बाहेर विकले जातात, चार आमच्याकडे येतात. @सुरवंट, खरेदी अजून त्यांची आहे, हिशेबाची प्रणाली मात्र पुढच्या वर्षी बदलणार आहे. माल अडवायचा अधिकार कोणाचा, हे विचारलं तेव्हा कारखानाप्रमुख क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता." दोन दिवसांनी त्यांचा ईमेल आला: बाहेर जाणारा असो की ग्रुपमध्ये जाणारा, माल सोडायची सही गुणवत्ताप्रमुखाची.

@जुनी_पायरी, पत्राचा मसुदा आला तो तुम्ही लिहिलंत तसाच. राजीनामा, नवा रुजू दिनांक, सहा महिने परिविक्षा. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मीही उभ्या उभ्या सही केली असती. मसुदा परत पाठवलाय आणि सलग सेवा, परिविक्षा रद्द आणि तीन वर्षांत परत येण्याचा हक्क, असं तिन्ही मागितलंय.

जुनी_पायरी
हे वाचून खरंच बरं वाटलं. परतीचा हक्क सहसा देत नाहीत, त्यावर अडून बसू नका. पहिल्या दोन्हींवर मात्र अडून बसा.

करारपत्र
सलग सेवेचं कलम नुसतं "सेवा विचारात घेतली जाईल" असं नको. मूळ रुजू दिनांक आकड्यांत हवा, आणि रजा, सेवाज्येष्ठता व सेवासमाप्तीची देणी या सगळ्यांसाठी तोच धरला जाईल असं हवं. राजीनाम्याच्या पत्रातही "ग्रुपमधील बदलीकरिता" हे शब्द घाला. वार्षिक मूल्यमापन कोण करणार, तेही विचारून घ्या.

मोजपट्टी
पत्र आज आलं. आठ वर्षांपूर्वीची तारीख आकड्यांत आहे, करारपत्र यांनी सांगितलं तसंच कलम आहे. परिविक्षा काढली. परतीच्या हक्काला नाही म्हणाले, कारण "तेव्हा जागा असेलच असं सांगता येत नाही." मूल्यमापन तिथले कारखानाप्रमुख करणार, पण मूळ कंपनीचे गुणवत्ताप्रमुख अभिप्राय देणार. हे मला तितकंसं आवडलेलं नाही, पण चालेल.

सही केली, बसून, दोनदा वाचून. पुढच्या सोमवारी रुजू होतेय. पहिले दोन महिने लाइनवर, कोरा_कागद. फॉर्म घेऊन जात नाहीये.

कोरा_कागद
खूप शुभेच्छा! दोरीचा रंग कळवा.